फुकटची शाळा आणि दुपारचा एक तास

"काकू, मुलाला सोडायला आलात ना? पालकांनी बाहेर झाडाखाली थांबायचं."

कोल्हापुरातल्या एका परीक्षा केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या पोरानं मला हे सांगितलं, तेव्हा एप्रिल २०२४ मधली टळटळीत दुपार होती. मी काही न बोलता पिशवीतून हॉल तिकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं एकदा तिकिटावरचा फोटो पाहिला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बिचारा एवढा ओशाळला की मलाच त्याची दया आली. त्याची तरी काय चूक? रांगेत माझ्या पुढे-मागे सगळी वीस-एकवीस वर्षांची इंजिनीअरिंगची मुलं-मुली. त्यांच्यात मी सत्तेचाळीस वर्षांची, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून लग्न होऊन उठलेली, हातात डब्याची पिशवी घेतलेली बाई.

मी जी परीक्षा द्यायला गेले होते, तिचा अभ्यासक्रम मोफत होता. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. हे असे अभ्यासक्रम आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबद्दल बोललंही पुष्कळ जातं. 'शिक्षण आता घराघरांत पोचलं' वगैरे. मैत्रिणींनो, ते खरंच आहे. पण अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज सांगायचंय, कारण ते आपलंच आहे.

आधी या अभ्यासक्रमांची थोडी कुळकथा. इंग्रजीत यांना 'मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स' म्हणतात. म्हणजे हजारो-लाखो माणसांना एकाच वेळी इंटरनेटवरून शिकता येईल असा, कुणालाही खुला अभ्यासक्रम. हे नाव २००८ साली पडलं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात एक वर्ग होता. फी भरून बसलेले विद्यार्थी होते २५, पण वर्ग इंटरनेटवर खुला ठेवला आणि आणखी सुमारे २,२०० माणसं येऊन मोफत बसली. मग २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग असाच खुला झाला, तर दीड लाखाच्या वर लोकांनी नावं नोंदवली! त्यानंतर २०१२ मध्ये कोर्सेरा, एडेक्स अशा संस्था उभ्या राहिल्या.

आपल्याकडे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं मिळून २००३ मध्येच 'एनपीटेल' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. तिथल्या प्राध्यापकांची व्याख्यानं कुणालाही पाहता यावीत म्हणून. आणि जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारनं 'स्वयं' सुरू केलं. त्यात एनपीटेलही आहे, इग्नू आहे, शाळेचे विषय आहेत, कॉलेजचेही आहेत. शिकणं मोफत. दाखला हवा असेल तर परीक्षा द्यायची, तिची फी. मी एनपीटेलच्या परीक्षेला भरली ती एक हजार रुपये.

गंमत म्हणजे या अभ्यासक्रमांचं इंग्रजी लघुरूप होतं 'मूक'. मराठीत मूक म्हणजे काय ते सांगायला नको! पहिल्या वेळी मला त्या शब्दाचा मराठी अर्थच जास्त कळला.

झालं असं. मी आमच्या महिला बचत गटाची सचिव. गटाचं मिरची-मसाला कांडपाचं मशीन आहे. वह्या मीच लिहिते, पण वर्षाच्या शेवटी हिशेब तपासायला येणारे गृहस्थ काय म्हणतात ते मला अर्धं कळायचं नाही. विचारलं की म्हणायचे, "ताई, तुम्ही सही करा, बाकीचं आम्ही बघतो." दर वर्षी सही करताना पोटात कसंतरी व्हायचं. पंधरा बायकांच्या घामाचा पैसा, आणि मी न कळता सही करतेय!

लेकीच्या कॉलेजात 'स्वयं'वरचे विषय घेता येतात. ती म्हणाली, "आई, हिशेबाचा पण कोर्स आहे की. बारा आठवड्यांचा. घे ना." तिनंच जुलै २०२३ मध्ये माझं नाव घातलं. नाव माझं, पण मोबाईल ह्यांचा. ओटीपी यायचा तो ह्यांच्या फोनवर आणि हे दिवसभर दुकानात. म्हणजे शिकायला कधी बसायचं, तर हे रात्री घरी आल्यावर, जेवणं, भांडी, उद्याची भाजी निवडून झाल्यावर. साडेदहाला मी फोन हातात घ्यायचे आणि पावणेअकराला तो छातीवर ठेवून झोपलेली असायचे.

तरी सहा आठवडे रेटले. सातव्या आठवड्यात गौरी-गणपती आले. घरात पाहुणे, फराळ, हळदीकुंकू. दोन आठवड्यांचे गृहपाठ राहिले. गृहपाठ बुधवारी रात्रीपर्यंत भरावे लागतात. बुधवार गेला की खिडकी बंद. मला वाटलं, संपलं. दोन गृहपाठ बुडाले म्हणजे आपण नापास. कुणाला विचारणार? समोर शिक्षक दिसतो, पण त्याला आपण दिसत नाही. लेक होस्टेलवर, तिची परीक्षा. मी गुपचूप सोडून दिलं. घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. कुणी विचारलंच नव्हतं, तर कळणार कसं?

नंतर समजलं, की बारा गृहपाठांपैकी चांगले आठच धरतात. म्हणजे चार बुडाले तरी चालतात! दोन बुडाले म्हणून मी अख्खा अभ्यासक्रम सोडला. एवढीशी गोष्ट सांगणारं शेजारी कुणी असतं, तर माझं वर्ष वाचलं असतं.

मी एकटीच अशी, असं समजू नका. हार्वर्ड आणि एमआयटी या जगातल्या नावाजलेल्या संस्थांच्या अशाच अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षात ज्यांनी शिकायला सुरुवात केली, त्यांच्यातल्या शंभरातल्या जेमतेम तिघांनी शेवट गाठला. पैसे भरून दाखल्यासाठी बसलेल्यांत मात्र शंभरातले ४६ पूर्ण करून गेले. आणि त्याआधी २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं आपल्या कोर्सेरावरच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तर १०० तले ८३ जण आधीच पदवी-पदविका घेतलेले निघाले. म्हणजे दार सगळ्यांना उघडं, पण आत जास्त करून शिकलेलेच गेले. ज्याच्या घरात आधीच दिवा आहे, त्यानंच आणखी एक दिवा लावला.

मग हे सगळं फोल म्हणायचं का? मुळीच नाही. मंगोलियातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. बात्तुशिग त्याचं नाव. उलानबातर शहरात राहणारा, वय पंधरा. २०१२ मध्ये एमआयटीनं विद्युत मंडलांचा अभ्यासक्रम मोफत खुला केला. दीड लाखाच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं. पैकीच्या पैकी गुण मिळाले फक्त ३४० जणांना, आणि त्यांत हा मुलगा होता. पुढे त्याला एमआयटीत प्रवेशही मिळाला. वर्तमानपत्रांत त्याचं खूप कौतुक झालं, बघा इंटरनेटनं काय केलं म्हणून.

पण त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, त्याच्या शाळेचा मुख्याध्यापक. हा स्वतः एमआयटीतून शिकून गेलेला. त्यानं हा अभ्यासक्रम शाळेत आणला, मुलांना एकत्र बसवलं, प्रयोगाचं सामान हाताळायला मिळेल आणि अडलं तर विचारायला माणूस असेल अशी सोय केली. मुलगा हुशार होताच, व्याख्यान मोफत होतंच. पण पाठीवर हातही होता. हे आपण विसरतो.

आपल्या महाराष्ट्राला तर ही गोष्ट फार आधी कळली होती. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं ते मातृभाषेतून शिकवण्यासाठी. नुसतं दार उघडून भागत नाही, आतली भाषाही बाईला कळायला हवी, हे त्यांना तेव्हा उमगलं होतं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. त्यांनी नुसती पुस्तकं घरी पाठवली नाहीत, तर गावोगावच्या शाळा-कॉलेजांत अभ्यासकेंद्रं काढली. रविवारी तिथं जायचं, सर भेटायचे, आपल्यासारख्या चार जणी भेटायच्या. माझी मोठी नणंद लग्नानंतर तेरा वर्षांनी तिथून बी.ए. झाली. ती अजून सांगते, "पुस्तकापेक्षा त्या रविवारच्या बायकांनी मला पास केलं."

म्हणून दुसऱ्या वेळी, जानेवारी २०२४ मध्ये, मी तीन गोष्टी केल्या.

पहिली, फोन. गटातून कर्ज काढून मी माझा स्वतःचा साधा स्मार्टफोन घेतला. हे म्हणाले, "घरात दोन आहेत की, तिसरा कशाला?" मी म्हटलं, "दोन आहेत, पण त्यातला माझा कुठलाय?" त्यावर हे गप्प बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "कव्हर पण घे चांगलं." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० बायकांपैकी ५४ जणींकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका १०० त ३३, पुरुष ५७. त्यानंतर फोन वाढले असतील, पण घरातला फोन आणि बाईचा फोन यातला फरक अजून मिटलेला नाही, हे तुम्हीही पाहता.

दुसरी, वेळ. रात्रीचा नाही, दुपारचा. अडीच ते साडेतीन. सासूबाईंना सांगितलं, "आई, या तासाला मी घरात नाही असं समजा." त्यांना आधी पटलं नाही. "या वयात कसली गं शाळा? आणि दाखला मिळाला तर कोण नोकरी देणार आहे तुला?" म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मी आतल्या खोलीत बसले होते, आणि बाहेर शेजारच्या काकू आल्या. सासूबाईंचा आवाज ऐकू आला, "ती तासाला बसलीय. साडेतीनला ये." मी व्हिडिओ थांबवून नुसती ऐकत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कामासाठी दारातून कुणी परत गेलं, ते पहिल्यांदाच.

तिसरी, सोबत. गटातल्या धाकट्या दोघींना घेतलं. त्यांनी नाव घातलं नव्हतं, परीक्षा द्यायची नव्हती, पण शनिवारी माझ्याकडे येऊन आठवड्याचे व्हिडिओ परत बघायच्या. इंग्रजी भराभर जायचं, मग वेग कमी करून लावायचो. तेव्हा एक शोध लागला. सर ज्याला 'डेबिट' म्हणत होते ती आपली 'नावे' बाजू, 'क्रेडिट' म्हणजे 'जमा'. 'लेजर' म्हणजे खतावणी, 'बॅलन्स शीट' म्हणजे ताळेबंद. अर्ध्याहून जास्त गोष्टी आम्हाला ठाऊक होत्या हो! फक्त त्या इंग्रजीत गेल्या होत्या म्हणून आमच्या वाटत नव्हत्या.

आणि मग आला घसारा. मशीन दर वर्षी झिजतं, त्या झिजेची किंमत खर्चात धरायची. आमचं मशीन एक लाख वीस हजारांचं. दहा वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला बारा हजार झीज. ती आम्ही कधी धरलीच नव्हती. दिवाळीत सगळा नफा वाटून टाकायचो आणि खूश व्हायचो. दोन वर्षांपूर्वी मोटार जळाली तेव्हा हातात पैसा नव्हता, सावकाराकडून उचलावा लागला. आम्ही त्याला नशीब म्हटलं होतं. ते नशीब नव्हतं, आम्ही मशीनची झीजच वाटून खाल्ली होती! त्या दिवशी व्हिडिओ संपल्यावर आम्ही तिघी बराच वेळ काही बोललो नाही.

गटाच्या बैठकीत मी सांगितलं, यंदापासून बारा हजार बाजूला काढायचे. केवढी कुरबूर झाली म्हणून सांगू! "शाळा शिकली आणि आमच्या दिवाळीवर उठली," असंही एकीनं ऐकवलं. ऐकून घेतलं. पण मी वही पुढे ठेवली आणि आकडे वाचले. त्या दोघींनी साथ दिली. आठ हजारांवर तडजोड झाली. पूर्ण नाही, पण झाली. त्या वर्षी हिशेब तपासणारे आले तेव्हा मी विचारलं, "घसारा कुठं दाखवलाय?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'ताई, तुम्ही सही करा' हे वाक्य त्या दिवशी आलं नाही.

परीक्षा आली ती नेमकी मिरचीच्या ऐन हंगामात. कांडपावर रांगा लागलेल्या आणि मी कोल्हापूरला. माझ्या वाटणीचं काम त्या दोघींनी केलं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, म्हणून प्रवास तरी परवडला. पण जाता-येता पाच तास, दुपारची तीन तासांची परीक्षा, घरी यायला रात्र. ज्या बाईला एकटीनं जिल्ह्याबाहेर जायची मुभा नाही, तान्हं मूल आहे, तिनं काय करायचं? शिकणं घरात आलं, पण परीक्षा शहरातच राहिली.

मला १०० पैकी ५७ मिळाले. 'पास' एवढंच. लेकीनं दाखला छापून आणला, सासूबाईंनी तो देवघराशेजारी टांगायला लावला. नोकरी कुणी दिली नाही, त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पण मी यंदा सही केली ती वाचून केली.

मला म्हणायचंय ते इतकंच. मोफत अभ्यासक्रम ही फार मोठी गोष्ट आहे, तिला नाकं मुरडू नका. पण बाईला शिकण्यापासून नुसत्या फीनं अडवलेलं नसतं. तिला अडवलेलं असतं वेळेनं, फोननं, भाषेनं, प्रवासानं आणि एकटेपणानं. फी माफ केली तरी ही बाकीची किंमत तिलाच भरावी लागते, आणि ती कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते.

सरकारनं परीक्षा तालुक्याच्या कॉलेजात आणावी. काही अभ्यासक्रमांचं मराठी भाषांतर सुरू झालंय, ते आणखी पुष्कळ व्हावं. गावच्या वाचनालयात दोन संगणक आणि एक सांगणारी मुलगी बसवावी. हे मागत राहूच. पण तोवर आपण आपलं सुरू करायला काय हरकत आहे? बचत गट पैशाचा होतो, तसा शिकण्याचाही होऊ शकतो. चौघींनी मिळून एकच अभ्यासक्रम घ्या. चार-आठ आठवड्यांचे छोटेही असतात, त्यातला घ्या. दहा ठिकाणी नावं घालू नका. नियम आधी वाचा, माझ्यासारखं दोन गृहपाठांसाठी सोडू नका. दाखला नको असेल तर नुसतं शिका, तेही कमी नाही.

आणि घरातल्या माणसांना एक सांगणं. तुमच्या बायकोनं, सुनेनं, आईनं फोन घेऊन कोपरा धरला, की लगेच 'बसली मोबाईल घेऊन' म्हणू नका. एकदा विचारा तरी, काय शिकतेयस? दुपारचा तो एक तास तिला द्या. दारात कुणी आलं तर सांगा, ती तासाला बसलीय.

आमच्या गटातल्या त्या दोघींनी आता स्वतःची नावं घातलीत. शनिवारी माझ्या ओसरीवर सहा जणी असतात. चहा सासूबाई करतात. परवा विचारत होत्या, "ते घसारा घसारा म्हणता ते काय गं? माणसाचा पण धरतात का?"

मी म्हटलं, "धरायला हवा आई. बायकांचा तर नक्कीच."